आवाज देऊन यावं

लिहायला बसण्याआधी माफी मागून घेतो. ज्यांच्या आयुष्यातून कोणाला काही शिकता येईल अशा माणसांनी आठवणी लिहाव्यात. मी तांड्यावरून आलेला एक शाळामास्तर. मराठी माझी घरची भाषा नाही, ती मी पाटीवर शिकलो, आणि लांब वाक्य लिहिताना अजूनही मागे वळून बघतो, वाटेत काही सांडलं तर नाही ना. नात म्हणते, "आजोबा, तुम्ही स्वतःच्याच घरात शिरताना खोकता कशाला, तेवढं तरी लिहा." तिला ती गंमत वाटते. बायको तर लग्न झाल्यापासून "आले खोकलेबुवा" म्हणत आली आहे. मी हसतो आणि दुसरं काही बोलायला लागतो. खरं कारण मी दोघींनाही कधी सांगितलं नाही. ते इथं सांगून बघतो. नीट उतरलं नाही तर उणेपण माझ्या हाताचं समजावं, त्या माणसांचं नव्हे.

आमचा तांडा दिग्रसपासून दोन कोसांवर, माळाच्या उताराला. तांडा म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची वस्ती. एकेकाळी आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरत. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते फिरणं थांबलं होतं, आणि बा दुसऱ्या शेतकऱ्यांसारखाच कापूस नि ज्वारी पेरत होता. फिरण्याची एकच खूण घरात उरली होती. पणजोबाच्या पुढच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा दारामागच्या खुंटीला टांगलेली असायची. याडी, म्हणजे माझी आई, दिवाळीला ती चिंचेनं घासायची नि परत टांगायची. याडीचा स्वतःचाच आवाज घंटेपेक्षा मोठा होता. पायात वाळे, वेणीला घुंगरं, दंडापर्यंत बांगड्या. ती विहिरीवरून निघाली की आम्हाला घरात कळायचं, आता ती बोरीपाशी आली, आता गोठ्यापाशी. आमच्या बाया दिसण्याआधी ऐकू यायच्या. पुरुषाला मात्र तसं नव्हतं. थोरांच्या दारात पोरानं जायचं तर वहाणा हातात घ्यायच्या, मुकाट्यानं जाऊन एका कडेला बसायचं, नि ते विचारतील तेव्हाच तोंड उघडायचं. दारातून हाका मारणारं, खाकरणारं पोरगं म्हणजे माजलेलं पोरगं. "कोण हाय रे तो नायकाच्या वर आवाज काढणारा?" असं म्हातारे म्हणायचे, नायक म्हणजे तांड्याचा मुखिया, नि आम्ही पोरं जमिनीत गडप व्हायला बघायचो. ही रीत मी इतकी पक्की उचलली होती की कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांमधून चाललो तरी काडी मोडू द्यायचो नाही. बा कौतुकानं म्हणायचा, "याचे पाय मांजराचे हायेत."

मॅट्रिक झालेला तांड्यातला मी पहिला. यवतमाळच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्न आला. बा म्हणाला, "आपला इस्माईल हाय ना." इस्माईलचाचा दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनं दुरुस्त करायला यवतमाळहून यायचे. एकदा त्यांची सायकल आमच्या माळावर पंक्चर झाली नि ते रात्रभर आमच्याकडे राहिले होते. याडीच्या हातची जाड बाटी, म्हणजे ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीच्या ठेच्याशी त्यांनी खाल्ली, नि डोळ्यांतून पाणी काढत दोनदा मागून घेतली. बाच्या हिशेबी एवढ्यानं ते सोयरे झाले होते. तांड्यात कोणीतरी म्हणालं, "मुसलमानाच्या घरी पोरगं ठेवतं काय?" बा म्हणाला, "ज्यानं माह्या घरचं पाणी पेलं, त्याच्या घरचं माह्या पोरानं पेलं तर काय बाटते?" झालं. लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन मी यवतमाळला गेलो.

चाचांचं घर एका अरुंद गल्लीत होतं. दाराला गोणपाटाचा पडदा, पडद्याआड फरशीचं अंगण, अंगणाच्या या कोपऱ्यात माझी खोली, पलीकडे ओसरी नि आत त्यांचं घर. अंगणात एक जांबाचं झाड आणि पडद्याला लागून कोंबड्यांची खुराडी. सगळीकडे मशीनच्या ग्रीसचा नि कात-चुन्याचा वास. घरात तीन माणसं: चाचा, त्यांची बायको आणि आई. चाची पडद्यात राहायच्या. जवळजवळ दोन वर्षं मी त्या घरात राहिलो, पण त्यांचा चेहरा मला माहीत नव्हता. बांगड्यांचा आवाज, मसाला वाटण्याचा आवाज, आणि दाराच्या फटीतून माझ्यापुढे सरकवलेली ताटली, एवढ्याच त्या मला ठाऊक. कधी ताटलीत मटणाचा दालचा, कधी ईदेच्या शेवया. पहिल्याच दिवशी चाचा म्हणाले, "देख बेटा, इस घर का एकच कायदा है. आवाज देके आना. मी मालक हाय, पर मी बी खाकरूनच येतो. औरतजात आहे घरात, बेखबर बसली असते." आणि खरंच, ते संध्याकाळी यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच इंजिन सुरू व्हावं तसे खाकरत यायचे.

मला ते जमेना. हे वाचणाऱ्याला हसू येईल, पण मला खरोखर जमत नव्हतं. पडद्यापुढे उभा राहिलो की घसा कोरडा पडायचा. थोरांच्या दारात आवाज काढायचा म्हणजे मला अंगावरचे कपडे काढल्यासारखं वाटायचं. कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी चांगल्या वागणुकीवर एक तास घेतला होता. 'सॉरी' केव्हा, 'एक्स्क्यूज मी' केव्हा, बाईमाणूस आलं तर उभं केव्हा राहायचं. मी सगळं वहीत उतरवून पाठ केलं होतं. पण गल्लीतल्या गोणपाटापुढे ते पाठांतर उपयोगी पडत नव्हतं. शहरात तशीही माझी भीती कधी पूर्ण निजलेली नसायची. कोणी नाव विचारलं, गाव विचारलं, की मी आधी समोरच्याच्या कपाळावरची आठी बघायचो. तांडा हा शब्द ऐकून खिशावर हात ठेवणारी माणसं मी पाहिली होती. म्हणून मी संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहायचो आणि चाचा आले की त्यांच्या खाकरण्याच्या मागोमाग आत शिरायचो. एका माणसाच्या खोकल्यावर दोघांचं निभत होतं.

चाचांना उशीर झाला की मला वाचवायच्या त्या बडी अम्मा, म्हणजे त्यांच्या आई. त्यांना दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकला होता. संध्याकाळी त्या पडद्याजवळ बाज टाकून बसत, अडकित्त्यानं सुपारी कातरत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आवाजावरून ओळखत. दूधवाला कॅनच्या कड्यावरून, पोस्टमन सायकलच्या सैल साखळीवरून. "आँखों की दुकान बंद हुई तो कानों ने खोल ली," असं म्हणून स्वतःच हसायच्या. पहिले काही दिवस मी त्यांना सापडलो नाही. मग एकदा मी पडद्याबाहेर मुका उभा होतो, नि आतून आवाज आला, "बहू, अंदर हो जा. बिल्ली आई." मी दचकलो. आत गेल्यावर विचारलं, "अम्मा, तुम्हाले कसं समजलं?" त्या म्हणाल्या, "तेरा तो कुछ सुनाई नहीं देता रे. पर तू आके खड़ा रहा की मेरी मुर्गियाँ चुप हो जातीं. चोर आया तो चिल्लातीं, कुत्ता आया तो चिल्लातीं. तेरे आने पे चुप. बेचारियाँ सोचती होंगी, ये कौन बला है!" पडद्याखालून कोंबड्यांना माझे उभे पाय दिसत असणार. तेव्हापासून मी 'बिल्ली' झालो. माझ्या वतीनं कोंबड्या गप्प व्हायच्या, अम्मा हाक द्यायच्या, चाची आत जायच्या, नि मग मी शिरायचो. त्या मला कधी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "एक दिन मैं नहीं रहूँगी यहाँ बैठने को. गला खोल ले बेटा."

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर अम्मांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता मोतीबिंदू काढून माणूस त्याच दिवशी घरी येतो. मी स्वतः संध्याकाळी घरी येऊन चहा घेतला. तेव्हा तसं नव्हतं. दहा दिवस दवाखान्यात, आणि घरी आल्यावरही पंधरा दिवस उताणं निजायचं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, दचकायचं तर मुळीच नाही. चाचांनी जुन्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या, नदीची वाळू भरली, आणि अम्मांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या. बाज पडद्याजवळून उचलून ओसरीत गेली. डोळ्यांवर पट्टी, आणि मधे चेहऱ्याचा केवढासा तुकडा. चाचांनी मला खोलीबाहेर घेऊन सांगितलं, "डॉक्टर बोलला, एक झटका लागला तर डोळा गेला समज. घर में आवाज नको." मी मान हलवली. त्या मान हलवण्यात मला एक सुटका दिसली, हे आज कबूल केलं पाहिजे. आता खाकरायला नको, कारण अम्मांना त्रास होईल. चाचा हळू खाकरत होतेच, पडद्याशेजारची चौकटीची कडी दोन बोटांनी वाजवत होते. मी ते बघत होतो. पण मी माझ्यासाठी वेगळा अर्थ काढून घेतला.

शेवटच्या पेपरच्या दिवशी मी सकाळीच कॉलेजच्या आवारात झाडाखाली वाचत बसलो होतो. पेपर दुपारचा. तासभर उरला असताना लक्षात आलं की हॉल तिकीट उशीखाली राहिलं. मी पळत निघालो. ऊन असं की गल्लीत कुत्रं नव्हतं. चाचा कामावर. पडद्यापुढे उभा राहिलो आणि नेहमीसारखा घसा मिटला. खुराडीतल्या कोंबड्या गप्प झाल्या. मी वाट पाहिली. बाजेवरून हाक येणार नाही हे मला माहीत होतं, तरी सवयीनं पाहिली. कडी हाताशी होती. दोन बोटांनी वाजवली असती तर पुरे होतं. पण मनात आलं, कोपऱ्यातच तर खोली आहे, चार पावलं जायचं, चार यायचं, मांजराचे पाय आहेत आपले, कोणाला कळणार पण नाही. मी बूट काढून हातात घेतले, पडदा बाजूला केला आणि आत शिरलो.

चाची अंगणात होत्या. केस धुऊन, मोकळे सोडून, माझ्याकडे पाठ करून जांबाच्या कडेला उन्हात बसल्या होत्या. मी थांबायला हवं होतं, मागे फिरायला हवं होतं. मी पुढे गेलो, आणि माझी सावली त्यांच्यापुढे पडली. त्या वळल्या. भर दुपारी, बंद घरात, अनवाणी, हातात बूट घेतलेला माणूस. त्यांनीही मला कधी धड पाहिलेलं नव्हतं, मी त्यांच्यासाठी एक वाट बघणारे पाय आणि रिकामी ताटली एवढाच होतो. त्या ओरडल्या, "चोर! चोर!" कोंबड्या फडफडल्या. ओसरीवरून अम्मांचाही आवाज आला, काहीतरी बोलल्यासारखा, पण त्या कल्लोळात मला शब्द लागला नाही. मी तिकडे पाहिलं. अम्मा कोपरावर उठल्या होत्या. वाळूची एक पिशवी खाली पडली, तिचा धप्प आवाज मला अजून ऐकू येतो. मग त्यांनी पट्टीवर हात दाबला आणि "या अल्ला" म्हणून परत मागे कलल्या.

'मी थावरा आहे' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो नाही. 'सॉरी'ही नाही, 'एक्स्क्यूज मी'ही नाही. खोलीत शिरलो, उशीखालचं तिकीट ओढलं, आणि चाची अम्मांकडे धावल्या होत्या त्या संधीत पडद्याबाहेर पडलो. गल्लीत दोन दारं उघडली होती. कोणीतरी विचारलं, "काय झालं रे? कोणाच्या घरी?" मी उत्तर न देता पळालो. बूट गल्लीच्या टोकाला घातले. पेपरला पोहोचलो, तीन तास बसलो, लिहिलंही, कारण मी पुढे पास झालो. पण काय लिहिलं त्यातला एक शब्द आठवत नाही. कागदावर शाई उमटलेली दिसायची, नि मला वाटायचं पट्टीतून रक्त असंच उमटत असेल. पेपर सुटल्यावर माझे पाय गल्लीकडे वळले नाहीत. एस.टी.च्या थांब्यावर गेलो, दिग्रसची गाडी धरली, आणि तिथून चालत तांड्यावर.

याडीनं विचारलं, "पेटी कुठी हाय?" मी म्हणालो, "मागून येते." तिनं बाटी नि तुरीचं वरण वाढलं. घास गिळताना घशातून आवाज होईल की काय याची पण मला भीती वाटत होती. ते चार दिवस मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. सडकेवर मोटारीचा आवाज आला की मी घरामागे जायचो. तांड्यातल्या म्हाताऱ्यांच्या मनात पोलीस म्हटलं की इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवून चौकीत लावलेली जुन्या काळची हजेरी जागी व्हायची. ते दिवस गेले होते, कायदा गेला होता, पण भीती कायद्याबरोबर जात नाही. माझ्या एका मुक्या पावलानं सगळ्या तांड्यावर ती परत येणार असं मला वाटायला लागलं. डोळे मिटले की एकच चित्र दिसायचं: खाकी माणूस नायकाच्या दारात उभा आहे नि म्हणतो आहे, तुमच्यातलं एक पोरगं भर दुपारी कोणाच्या तरी घरात शिरलं. आणि त्या भीतीच्याही खाली आणखी एक होती, जिच्याकडे मी बघतच नव्हतो. अम्मांचा डोळा.

चौथ्या दिवशी खरंच एक खाकी माणूस सायकल ढकलत माळ चढताना दिसला. मी घरामागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरलो. तो जंगलखात्याचा गार्ड होता, पाणी पिऊन नि चिलीम ओढून गेला. पण मी ढिगातून निघालो तर समोर बा उभा.

"काहून लपला रे?"

मी अंगावरच्या काड्या झाडायला लागलो.

"पोट्टेहो कॉलेजात हेच शिकून राह्यले काय? निघ. बस इथी. सांग."

मी सांगितलं. तिकीट, बूट, चाची, वाळूची पिशवी, सगळं. बा खाली बसून ऐकत होता, एक पऱ्हाटी घेऊन तिचे तुकडे करत होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. सगळं सांगून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"मंग? म्हतारीचा डोळा कसा हाय?"

"मले माहीत नाही."

"इचारलं नाही?"

"नाही."

"पेपर झाल्यावर गेलता तिथी?"

"नाही."

बानं हातातले तुकडे टाकले. "त्या बाईनं तुले चोर म्हटलं ते चुकून म्हटलं. तुह्या हातात काय होतं? तुहेच बूट. पण त्यायच्या घरात एवढं झालं नि तू न सांगता निघून आला, न इचारता. आता मी म्हणतो तुले चोर."

"बा, मी आवाज केला असता तर अम्माले त्रास झाला असता म्हणून—"

"खोटं नोको बोलू."

बा कधी शाळेत गेला नाही, पण खोट्याचं वजन त्याला हातात घेतल्यासारखं कळायचं. पुढे कितीतरी वर्षं मी ते कारण स्वतःला सांगत आलो, की अम्मांसाठीच मी गप्प राहिलो. ते खरं नव्हतं. मी गप्प राहिलो ते माझ्यासाठी. दुसऱ्याचा विचार आणि स्वतःची भीती बाहेरून सारखीच दिसते, दोन्ही पाय न वाजवता चालतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे बानं खुंटीवरची घंटा काढली, फडक्यात बांधली, याडीनं तुपाचं गाडगं दिलं, आणि आम्ही निघालो. मी वाटेत विचारलं, घंटा कायले? बा पुढे चालत राहिला. दिग्रसच्या थांब्यावर गाडीची वाट बघताना म्हणाला, "आपले म्हतारे बैलाच्या गळ्यात घंटा कायले बांधत?"

"बैल हरवू नये म्हणून."

"तेही हाय. पण आपण दोनशे बैल घेऊन कोणाच्या गावावरून जाणार, त्या गावाले आधी समजाव लागते, का बा हे लमाण येऊन राह्यले, मीठ घेऊन येऊन राह्यले, दरोडा नाही हा. बाया विहिरीवर असतात, लेकरं असतात, भेव नाही वाटलं पाह्यजे. चोर घंटा बांधत नाही. नायकाच्या दारात मुका बसजो म्हणून तुले शिकवलं ते खरं. पण परक्या गावाले घंटा वाजवूनच जाव लागते, हे सांगाचं राह्यलं माह्याच्यानं." मग गाडीकडे बघत, "तुह्या एकट्याची चूक नाही," असं म्हणाला. बाच्या तोंडून असं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

गल्लीत शिरलो तेव्हा मी बाच्या मागे राहिलो. पडद्यापुढे बानं घंटा माझ्या हातात दिली. "वाजव. हळू वाजव, पण वाजव." आत अम्मा असतील, त्यांना झटका बसेल, या भीतीनं मी घंटेची जीभ आधी बोटांत धरून ठेवली. मी वाजवली. पडद्याआड काहीच हललं नाही. पुन्हा वाजवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दारात माझा आवाज निघाला, "मी थावरा आहे. येऊ काय?"

शेजारचं दार उघडलं. पांढरी दाढी असलेले एक गृहस्थ बाहेर आले. "किसको ढूँढते? इस्माईल नहीं है. अम्मा को लेके नागपूर गए, चार दिन हुए. डोळ्यात रक्त उतरलं ना." मग माझ्याकडे नीट पाहून, "तू तोच काय, कॉलेजवाला?" मी हो म्हणालो. खुराडी त्यांच्या अंगणात नेलेली दिसत होती. बानं तुपाचं गाडगं त्यांच्याकडे ठेवायला दिलं, पडद्याशेजारी कडी होती तिथे घंटा दोरीनं बांधली, पक्की, दोन गाठी मारून, आणि म्हणाला, "त्यायले सांगजा, पोराचा बाप येऊन गेला." पेटी त्या दिवशी मिळाली नाही. पुढे चाचांनी ती कॉलेजच्या शिपायाकडे आणून ठेवली. उघडली तर सगळं जागच्या जागी, वर माझी ताटली, धुतलेली. निरोप नव्हता. मी तो निरोपच समजलो.

जूनमध्ये मी दुसऱ्या पोरांबरोबर खोली घेतली. ती गल्ली कॉलेजच्या वाटेवर होती, म्हणून मी बाजारातून लांबून जायचो. नागपूरहून ते आले का, डोळा राहिला का, हे विचारायला एक संध्याकाळ पुरली असती. मी गेलो नाही. पावसाळा गेला. रोज सकाळी ठरवायचो, आज जाऊ, आणि रोज बाजाराकडे वळायचो. एकदा रस्त्यात चाचांचं खाकरणं ऐकू आलं, मागून, अगदी ओळखीचं. मी एका दुकानात शिरलो नि ते पुढे जाईपर्यंत घड्याळांच्या पट्ट्या बघत उभा राहिलो. माझ्या हातात घड्याळ नव्हतं.

दिवाळीला घरी गेलो. कापूस निघायला लागला होता, बा दोन दिवसांपूर्वी गाडी घेऊन दिग्रसला जाऊन आला होता. रात्री नाही, सकाळीच, मी दात घासत असताना तो जवळ येऊन बसला. म्हणाला, "जिनिंगमंदी इस्माईल भेटला."

मी हातातली काडी खाली ठेवली.

"म्हतारी गेली. पोळ्याच्या आधी. ताप आला नि गेली. डोळा काही वापस आला नाही. नागपूरच्या डाक्टरनं पायला, पण रक्त लय होतं आत." याडी आत घंटेची रिकामी खुंटी पुसत होती, तिचे वाळे वाजत होते. "ते घंटा हाय अजून तिथी. इस्माईल म्हणे, आता मी बी खाकरत नाही, तेच वाजवतो."

मी विचारलं, "माह्याबद्दल काही बोलले?"

"बोलला. म्हणे, थावरूले सांगजा, अम्मा भेऊन नव्हती उठली. तिले आधीच समजलं होतं. कोंबड्या गप्प झाल्या ना. सून चोर चोर करून राह्यली म्हणून हे उठली, तिले सांगाले. 'चुप बहू, बिल्ली है,' एवढं सांगाले."